भूत सोडवू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम घातलेलं नाही. हे पत्र तू चार मैत्रिणींना दाखवणार आणि त्यातली एक ते पुढे पाठवणार, एवढं शाळेत 32 वर्षं काढल्यावर कळतं.

तुझ्या भुताच्या कादंबरीची 142 पानं मोबाइलवर वाचवेनात, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. रात्री साडेनऊला वाचायला बसले, दीडला संपवली. मध्ये एकदा उठून मागच्या दाराची कडी नीट लागली आहे ना, ते बघून आले. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईनं कडी बघून येणं हेच तुझं प्रशस्तिपत्रक समज. कौतुक संपलं.

आता तुझ्या निरोपाबद्दल. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पाठवलेला. ‘बाई, शेवटी तो मुलगा खरा ठेवू का खोटा? कार्यशाळेतले सर म्हणतात, खोटा ठरव, नाहीतर अंधश्रद्धा पसरेल. मैत्रीण म्हणते, खरा ठेव. मला दोन्ही पटतं.’ आणि खाली तीन वेगवेगळे शेवट जोडलेले. पहिल्यात तो धक्क्यावरच्या टपरीवाल्याचा नातू निघतो. दुसऱ्यात सगळं तापातलं स्वप्न. तिसऱ्यात तो खरंच मेलेला मुलगा. अगं, तीन शेवट पाठवणं म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात मारणं. तो मी घेणार नाही. पण कोणता शेवट लिहायचा नाही हे मी सांगू शकते, कारण तो मी एकदा लिहून बसले आहे.

एकच वाक्य लक्षात ठेव: कोडं सोडव, भूत सोडवू नकोस.

तुझं कोडं किती चांगलं आहे याची तुला कल्पना नाही असं मला वाचताना सारखं वाटत होतं. 17 जुलै 1947. गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं. पुढे सगळा देश झेंड्याच्या गडबडीत होता आणि इकडे आपल्या किनाऱ्यावर घराघरात सुतक. आपल्या तालुक्यात अजून अशी घरं आहेत जिथे म्हाताऱ्या माणसांसमोर ते नाव सहज काढत नाहीत. तू त्या बोटीची माहिती ओतत बसली नाहीस, हे मला फार आवडलं. रेवसच्या धक्क्यावर संध्याकाळी एक बारा वर्षांचा मुलगा उभा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, ‘रामदास लागली का?’ बस, एवढंच. ‘आली का’ नाही, ‘लागली का’. ते ‘लागली’ वाचलं आणि मी उठून कडी बघायला गेले.

मग तुझी चौदा वर्षांची नायिका त्याचं नाव शोधायला लागते. बुडालेल्यांत त्याचं नाव नाही, वाचलेल्यांतही नाही. कुठेच नाही. आणि शेवटी तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात ते सापडतं. मुलगा मयत, म्हणून जमिनीवरचं नाव कमी केलं, चुलत्याचं लावलं. नोंदीची तारीख 2 जून 1947. बोट बुडाली 17 जुलैला. म्हणजे पोरगं बुडायच्या दीड महिना आधीच कागदावर मेलेलं होतं!

पोरी, हे वाचून मी पानावर लाल पेनानं ‘शाबास’ लिहिलं, पाचवीच्या वहीवर लिहायचे तसं. अटल सेतू झाल्यापासून या पट्ट्यात जमिनीचे दर कुठे गेले आहेत ते तू रोज ऐकतेस. म्हणून तुझ्या हातून सात-बारा आला. दुसऱ्या कुणाच्या हातून नुसता हाडांचा सांगाडा आला असता.

एवढं कोडं हाती असताना तू विचारतेस, मुलगा खरा की खोटा!

कार्यशाळेतल्या सरांचा मला राग नाही. ते जे बोलले तेच मी कित्येक वर्षं बोलत होते. पण हा प्रश्न त्यांनी ज्या टोकाकडून धरला आहे ते टोक चुकीचं आहे. या जातीची कादंबरी पोरं का वाचतात? भीतीसाठी म्हणशील, तर भीती आता तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये फुकट मिळते. गुन्हेगार कोण हे कळावं म्हणून म्हणशील, तर त्यासाठी नुसती रहस्यकथा पुरते. दोन्ही एकत्र लागतात त्याचं कारण वयात आहे. चौदाव्या वर्षी तुम्ही जे बघता त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. काकाची नजर बरी नाही, शिक्षक पैसे खातात, आई रात्री मोरीत पाणी सोडून रडते. पोरांना सगळं दिसत असतं आणि ती बोलली की घरचे म्हणतात, ‘तुला काय कळतंय, अभ्यास कर.’ भुताच्या गोष्टीत नेमकं हेच होतं. एकीलाच दिसतं, बाकीचे हसतात, आणि शेवटी तिचंच खरं निघतं. तू शेवटच्या प्रकरणात सांगितलंस की तो टपरीवाल्याचा नातू होता, तर तूही त्या हसणाऱ्यांत जाऊन बसलीस. एकशे तीस पानं तिचा हात धरलास आणि ऐन वेळी म्हणालीस, ‘तुला काय कळतंय, अभ्यास कर.’

माझ्या आजीकडे भुतांची मोठी यादी होती. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती हडळ. जीव पैशाअडक्यात अडकवून, मागे वारस न ठेवता गेला, तो समंध. पाण्यात गेला, तो गिऱ्हा. रात्री वाट चुकवून त्याच त्या बांधावर फिरवतो, तो चकवा. ही यादी मी शाळेत विनोद म्हणून सांगायचे आणि मुलं हसायची. मग कधीतरी एका कंटाळवाण्या दुपारी सुपरव्हिजन करताना माझ्या लक्षात आलं की यातला जवळजवळ कुणीच वाईट माणूस नाही. आपल्याकडे भूत व्हायला पाप करावं लागत नाही, काहीतरी अर्धं राहावं लागतं. प्रत्येक भूत म्हणजे गावानं घाईघाईनं बंद केलेलं एक प्रकरण. त्यामुळे भूत आणि तपास ही दोन टोकं बाहेरून कुणी आणून बांधलेली नाहीत, आपल्याकडे ती मुळातच एका दोऱ्याची आहेत. आणि मुंजा कोण, विचार कर. पोर नाही, बाप्याही नाही, मधेच पिंपळावर लटकलेला. ‘किशोरवय’ असा शब्द पुस्तकांत यायच्या कितीतरी आधी आपल्या लोकांनी त्या वयाचं एक भूत करून ठेवलं होतं.

यावरून आठवलं. तिसऱ्या प्रकरणात तुझी नायिका त्या मुलाला ‘मुंजा’ म्हणते. मुलगा कोळ्याचा आहे ना? त्याची मुंज कुणी केली? भुतांनासुद्धा जात लावून ठेवली आहे आपल्या समाजानं, आणि तू ती विसरलीस, हे एका अर्थी चांगलंच म्हणायचं. पण गावातली कुठलीही म्हातारी ही चूक करणार नाही. तो बुडालेला, म्हणजे यादीप्रमाणे गिऱ्हा. माझं ऐकशील तर काहीच म्हणू नकोस. नाव शोधणं हीच तुझी गोष्ट आहे, मग त्याला आधीच दुसरं नाव कशाला चिकटवतेस?

आता माझं सांगते. सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय तू ऐकणार नाहीस.

1988 साली माझी एक किशोर कादंबरी आली होती. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट, आता कुठे मिळत नाही, शोधू नकोस. खाडीकाठचा जुना वाडा, माडीवर रात्री फिरणारा उजेड, तीन शाळकरी मुलं. उजेड होता एका बाईचा. तिला त्या घरातून एका रात्री हाकलून दिलेलं असतं. सोळा प्रकरणं मी ती बाई खरी ठेवली. माझं मलाच भय वाटायचं, लिहिताना मी यजमानांना स्वयंपाकघरात बसवून ठेवायचे. आणि सतराव्यात तिचा केला स्मगलर. सोनं लपवायला वाडा हवा म्हणून अंगाला चकाकणारा फॉस्फरस फासून फिरणारा.

संपादक म्हणाले होते, ‘बाई, तुम्ही विज्ञानाच्या. भूत खरं कसं दाखवता?’ इतकी वर्षं मी हेच सांगत आले की संपादकांनी करायला लावलं. आता वय झालं, खरं सांगायला हरकत नाही. त्यांनी एकदाच विचारलं होतं. मी ‘राहू दे’ म्हटलं असतं तर त्यांनी राहू दिलं असतं. मलाच घाई झाली होती शहाणी ठरायची. स्टाफरूममध्ये कुणी हसू नये म्हणून मी त्या बाईला दुसऱ्यांदा घराबाहेर काढलं.

आणि तो फॉस्फरस! तो मी कोनन डॉयलच्या कुत्र्यावरून उचलला होता. 1901-02 सालची ती होम्सची गोष्ट तू वाचलीच असशील. दलदलीतला पिशाच्च-कुत्रा, आणि शेवटी त्याच्या तोंडाला फासलेला फॉस्फरस. वाचायला झकास आहे. पण नववीच्या रसायनशास्त्राची बाई म्हणून सांगते, पांढरा फॉस्फरस हवेत साधारण तीस-पस्तीस अंशाला पेट घेतो आणि विषारी असतो तो वेगळाच. तो तोंडाला फासलेला कुत्रा पहिल्या प्रकरणातच मरेल. माझा स्मगलर तर रायगड जिल्ह्यात, मे महिन्यात, उघड्या अंगाला फासून फिरत होता. जिन्यावरच जळून गेला असता. म्हणजे विज्ञानाची बूज राखायची म्हणून मी भूत काढलं आणि त्याच्या जागी जे घातलं ते भुताहून अशास्त्रीय! तुझा टपरीवाल्याचा नातू काही वेगळा नाही. तो पाच वर्षं रोज संध्याकाळी जुनी चड्डी घालून धक्क्यावर उभा राहतो आणि गावात कुणी ओळखत नाही? रेवसला? जिथे कुणाच्या घरी कोणती मासळी शिजली ते चार घरं पलीकडे माहीत असतं? यावर विश्वास ठेवायला भुतापेक्षा जास्त श्रद्धा लागते.

डॉयलची गंमत अशी की ते स्वतः मृतात्म्यांवर विश्वास ठेवणारे. परीचे खोटे फोटो त्यांना खरे वाटले, त्यावर 1922 साली त्यांनी पुस्तक काढलं. पण होम्सच्या तपासात भुताला प्रवेश नाही. पुढे 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यातला दुसरा नियमच हा की अलौकिक काही चालणार नाही. हे नॉक्स कोण, तर कॅथलिक पाद्री. ज्यांचा विश्वास होता त्यांनी भुताला कथेबाहेर ठेवलं, आणि मी, जिचा कणभर विश्वास नाही, तुला सांगते आहे की आत घे. यात विसंगती नाही. त्यांना भूत खरं वाटायचं, म्हणून ते कथेत आणणं त्यांना फसवणूक वाटली असेल. मला ते खोटं आहे हे पक्कं माहीत आहे, म्हणून कथेत त्याचं मला भय नाही.

तर माझी कादंबरी. शाळेच्या वाचनालयात एक प्रत होती. 1993 ला मोजदाद करताना ती हातात आली, नि बघते तर काय, शेवटचं प्रकरण शिवून टाकलेलं. सुईदोऱ्यानं, काळा दोरा, गोधडीला घालतात तसे लांब टाके, तीन बाजूंनी. सोळाव्या प्रकरणाच्या शेवटी पेन्सिलनं लिहिलेलं: ‘इथेच संपलं आहे.’

मला आधी राग आला. शाळेच्या मालमत्तेचं नुकसान वगैरे. मग मी ते तसंच कपाटात ठेवून दिलं. दोन वर्षांनी पुन्हा मोजदाद झाली. नोंदवहीत बघितलं, तेवढ्या काळात ते पुस्तक 17 वेळा बाहेर गेलं होतं. टाके जसेच्या तसे. सतरा पोरांनी ते घरी नेलं, शिवलेलं बघितलं, पेन्सिलीचं वाक्य वाचलं आणि एकालाही ते उसवावंसं वाटलं नाही. शाळेतली पोरं, जी बाकाला भोक दिसलं की त्यात पेन घालतात! कुणी शिवलं ते मला कधी कळलं नाही. अक्षरावरून मुलगी वाटते. मी पुढे दुसरं पुस्तक लिहिलं नाही. वेळ नव्हता असं सगळ्यांना सांगते.

वेळ खरंच नव्हता म्हणा. 1989 ला अंनिस, म्हणजे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, स्थापन झाली, काही वर्षांत मी त्या कामात पडले. शनिवारी दुपारी वाड्यावस्त्यांवर जायचे. परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब टाकून मंत्रानं होम पेटवून दाखवायचा, जास्वंदीचा रस लावलेल्या सुरीनं लिंबू कापून रक्त काढायचं, आणि मग युक्ती सांगायची. ही कामं कमी महत्त्वाची होती का? नव्हती. एका मुलीला भूत लागलं म्हणून तिचा बाप तिला दाव्यानं बांधून ठेवायचा, ती दावी मी या हातांनी सोडवली आहेत. आता असं बांधणं, मारणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे, गुन्हा आहे. तेव्हा तो कायदा नव्हता. तेव्हा आम्ही नुसते हात जोडायचो. तेव्हा कुणी मला येऊन म्हणालं असतं की बाई, तुम्ही एक पुस्तक कमी लिहिलं, तर मी त्याला...

बघ, कुठे भरकटले. हे तुला सांगायचं नव्हतं, स्वतःला सांगत होते. आणि एक सांगून टाकते, मग हा विषय बंद. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्याच्या पुलावर अंनिसच्या दाभोलकरांना मारलं, त्या आठवड्यात माझ्या मनात हेही येऊन गेलं की बरं झालं, आपण आपल्या कादंबरीत भूत ठेवलं नाही. एका माणसानं जीव दिला आणि मी माझ्या एका फसलेल्या प्रकरणाला त्याच्या आड उभं केलं. हे लिहिताना आजही कान तापतात.

म्हणून सरांच्या मुद्द्याला माझं उत्तर हे. कादंबरी वाचून मांत्रिकाकडे गेलेलं पोर माझ्या 32 वर्षांत मी बघितलं नाही. पोरांना मांत्रिकाकडे नेतात ते घरचे मोठे, आणि ते कादंबऱ्या वाचत नाहीत. तुझा मुलगा कुणाकडे कोंबडं मागत नाही, पैसे मागत नाही. तो एक प्रश्न विचारतो. अशा भुताचं मला काही वावडं नाही.

पण भगत! सहाव्या प्रकरणात तू जो भगत आणला आहेस, तांदूळ मांडून बघणारा, ‘पाण्यातलं आहे, जुनं आहे’ असं बरोब्बर सांगणारा, तो मला खपणार नाही. तिथे मी पान खाली ठेवून पाणी प्यायले. इथे सरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यांनी नेमकं याच प्रकरणाला ‘वातावरणनिर्मिती छान’ लिहिलं आहे! ज्या क्षणी तुझा भगत खरं सांगतो त्या क्षणी तू गावातल्या प्रत्येक भगताला एक ओळखपत्र करून देतेस. आणि कोड्याचंही वाटोळं. तो सांगणार असेल तर पोरगी तलाठ्याकडे कशाला गेली? भूत ठेव, भगत काढ. मुलीला जे कळायचं ते कागदातून, माणसांतून, तिच्या पायांनी कळू दे. त्या मुलानंही तिला काही सांगायचं नाही. त्यानं फक्त विचारायचं. भूत माहिती द्यायला लागलं की ते भूत राहत नाही, चौकशी-खिडकी होतं. कोडं तिनं सोडवायचं, आणि भूत सोडवायचं नाही. परत तेच सांगते आहे, सांगू दे.

आता एक चूक, जिच्यासाठी पाचवीत मी तुला बाकावर उभं केलं असतं. नववं प्रकरण. अमावास्येची रात्र, बाराचा ठोका, आणि तुझी नायिका धक्क्याच्या बाजूनं गुडघाभर चिखल तुडवत त्या मुलाच्या मागे जाते. कुठला चिखल? तू खाडीकाठची ना? तुझ्या आजोबांना विचारलं असतंस तरी पुरे होतं. भरतीची वेळ म्हणजे तिथीची पाऊणपट. अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि रात्रीही त्याच सुमाराला. बारा वाजता तिथे पुरुषभर पाणी असणार, आणि उधाणाचं. चिखल हवा तर पहाटे पाच-सव्वापाचला ने तिला. किंवा चिखल सोड, पाणी घे. पाण्यावरून तो मुलगा चालत पुढे जातो आणि ती काठावर अडकते, असं झालं तर मला आवडेल, पण ते तुझं तू बघ.

ही मास्तरकी वाटेल तुला. वाटू दे. एक गोष्ट खोटी सांगायची तर बाकी नव्याण्णव खऱ्या लागतात. भरती चुकली, फेरफाराचा रंग चुकला, लाँचवाल्याची हाक चुकली, तर वाचणारी पोर म्हणते, ‘हिला काही माहीत नाही.’ मग तुझा मुलगाही तिला टपरीवाल्याचा नातूच वाटणार.

मैत्रिणीनं सुचवलेलं ते हॉस्टेल आणि रक्त पिणारा देखणा मुलगा वगैरे, त्यावर मी काही लिहीत नाही. ते तुलाही नको आहे. मला फक्त त्रास द्यायला विचारलंस.

उरला तिसरा शेवट, ज्यात मुलगा खरा आहे. तुला वाटलं असेल, बाई यावर खूश होणार. नाही झाले. त्यात नायिका फेरफार दुरुस्त करून घेते, चुलत्याचा नातू सगळ्यांसमोर माफी मागतो, मग धक्क्यावर पणती सोडतात, मुलगा हसतो, उजेड होतो आणि तो विरघळून जातो. वाचताना मला पुन्हा माझा स्मगलर दिसला. पहिल्या शेवटात तू त्याला खोटा ठरवून घालवलंस, तिसऱ्यात मुक्ती देऊन घालवलंस, पण दोन्हीकडे घाई एकच: पानं संपायच्या आत त्याला धक्क्यावरून हलवायचं. ‘सोडवू नकोस’ म्हणताना माझ्या मनात इतके दिवस पहिलाच अर्थ होता. तुझी पानं वाचताना दुसरा अर्थ मलाही कळला. सहाशे माणसं ज्या पाण्यात गेली, ती एका पणतीनं सुटतात? फेरफार दुरुस्त होईल. बरं, तोही एवढ्या लवकर होत नाही, प्रांताकडे किती खेटे घालावे लागतात ते तुझ्या बाबांना विचार. पण त्या मुलाची बोट कुठे लागली? ती लागणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिथेच असेल आणि तेच विचारेल. बदललं एवढंच की विचारणाऱ्याचं नाव आता एकीला माहीत आहे. ती त्याला काय उत्तर देते, मला ठाऊक नाही. मी बराच वेळ विचार केला, आणि मला सुचलं नाही. तुला सुचेल, कारण तो प्रश्न तुला सुचला होता. ‘लागली का’ हे तुझं आहे.

घरून डिग्रीवरून बोलतात म्हणालीस. बोलू देत. परीक्षा दे, पास हो, त्याचा आणि याचा संबंध नाही.

सुट्टीत रो-रोनं येशील तेव्हा मांडव्याला उतरून थेट रेवसला ये. अष्टमीचा दिवस धर. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती, आपण साडेपाचपासून धक्क्यावर बसू. लाँच कशी लागते, दोर कोण टाकतं, कोण काय ओरडतं ते वहीत लिहून घे. तुझ्या पानांवर लाल पेनानं बरंच लिहिलं आहे, ती घेऊन येते. ती शिवलेली प्रतही आणते. 2016 ला निवृत्त होताना वाचनालयाला नवं पुस्तक घेऊन दिलं आणि ती मागून घेतली, आता घरीच असते. हातात घेऊन बघ, पण उसवायची नाही. मीही अजून उसवलेली नाही.

तुझी,
बाई